उखळी तोफ आणि पांढरे होणारे उखळ

शस्त्रास्त्रांच्या बाजारपेठेत एका जुन्या आणि स्वस्त आयुधाला गेल्या दोन-तीन दशकांत नवे आणि भारी मोल आले आहे. उखळी तोफ हे ते आयुध. एक नळी, एक पोलादी बैठक आणि दोन पायांचा आधार एवढ्यावर ज्याचे भागत असे, ते आता वीस-पंचवीस टनांच्या चिलखती गाडीवर, फिरत्या बुरुजात, संगणक आणि यांत्रिक भरणीसह बसविले जाते आणि एकेका गाडीची किंमत कोटींत सांगावी लागते. लष्करी नियतकालिके या परिवर्तनाचे वर्णन निव्वळ तांत्रिक प्रगती म्हणून करतात. डाव्या चळवळीतही या विषयाकडे पाहण्याच्या दोनच रीती रूढ आहेत: संरक्षणखर्च म्हटला की सरसकट निषेध, नाही तर देशभक्तीच्या दडपणाखाली सरसकट मौन. दोन्ही रीतींत विचार करण्याचे श्रम वाचतात. वस्तुतः या एका आयुधाचा हिशेब नीट मांडला तर असे दिसते की, गाडी आणि बुरूज हे त्याचे केवळ दर्शनी अंग आहे. खरा खर्च, खरे सामर्थ्य आणि खरा धोका ही तिन्ही गोळ्यात आणि तो गोळा भरणाऱ्या हातांत आहेत. सरकारे मात्र पैसा ओततात तो दर्शनी अंगावर.

उखळी तोफेचे आधुनिक रूप जन्मास आले तेच मुळी काटकसरीतून. १९१५ साली, खंदकांच्या युद्धात युरोपातील सैन्ये एकमेकांसमोर रुतून बसली असताना, इप्सविच येथील क्रेन बनविणाऱ्या एका कारखान्याचे प्रमुख विल्फ्रेड स्टोक्स यांनी एक गुळगुळीत नळी तयार केली. नळीच्या तोंडातून बॉम्ब आत सोडायचा, तळाच्या खिळ्यावर आपटला की तो उडायचा आणि उंच कमान घेऊन समोरच्या खंदकात पडायचा, एवढीच तिची यंत्रणा. ब्रिटिश युद्धखात्याने ती प्रथम नाकारली. साठ्यात असलेला जुना दारूगोळा तिला चालत नव्हता. दारूगोळामंत्री लॉईड जॉर्ज यांनी मग तिच्या निर्मितीसाठी पैसा उभा केला तो, इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी नोंदविल्याप्रमाणे, एका हिंदी संस्थानिकाच्या खिशातून. संस्थानिकाच्या खिशात पैसा कोठून येत असे, हे वाचकांस सांगावयास नको. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ही तोफ गरीब सैन्याचा तोफखाना म्हणून ओळखली गेली. ती माणसांच्या खांद्यावरून डोंगर चढते, साध्या यंत्रशाळेत तिची नळी कातता येते आणि व्हिएतनाममध्ये जगातील सर्वांत श्रीमंत सैन्याच्या तळांवर गनिमी तुकड्यांनी रात्री-बेरात्री मारा केला त्यात तिचा वाटा मोठा होता.

मग ती गाडीवर का चढली? उत्तर तिच्या गोळ्याच्या वाटेतच आहे. उखळी बॉम्ब उंच आणि संथ कमान घेतो. हवेत तो इतका वेळ असतो की शत्रूचे रडार त्याची वाट टिपून तो कोठून सुटला हे मागे मोजत जाऊन शोधून काढते, आणि थोड्याच अवधीत त्या जागी प्रतिमारा सुरू होतो. १२० मिलिमीटर व्यासाच्या जड तोफेची बैठक काही फैरींनंतर जमिनीत रुतते. ती उपसून, वाहनाला जोडून निघेपर्यंत जी मिनिटे जातात ती तोफचालकांच्या जिवावर बेततात. यावर उपाय म्हणून तोफच गाडीत बसवावयाची, थांबून मारा करावयाचा आणि उत्तर येण्यापूर्वी निघून जावयाचे. येथवरचा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तो नाकारणाऱ्याने तोफेपाशी उभ्या असलेल्या सैनिकाचाही विचार करावयास हवा. तोही कोणा शेतकऱ्याचा किंवा गिरणीकामगाराचाच मुलगा असतो.

गाडीवर बसविण्याच्या वाटा मात्र दोन आहेत, आणि अर्थकारणाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. पहिली वाट साधी: सैनिकवाहू चिलखती गाडीचे छत उघडावयाचे, आत फिरती बैठक ठेवावयाची आणि नेहमीची तोफ नेहमीच्याच रीतीने तोंडातून भरावयाची. अमेरिकेने एम-११३ गाड्यांवर आणि नंतर स्ट्रायकर गाड्यांवर हेच केले. दुसरी वाट बंद बुरुजाची. तेथे तोफ मागून भरावी लागते, भरणीला यंत्रे लागतात, धक्का पेलण्यासाठी खास यंत्रणा लागते आणि सर्व नेम संगणकावर येतो. सोव्हिएत संघाने १९८१ साली हवाई छत्रीदलांसाठी नोना ही अशी गाडी सैन्यात आणली. तिची तोफ उखळीसारखी उंचही मारते आणि साध्या तोफेसारखी सरळही. पश्चिमेत या वाटेचे टोक गाठले ते फिनलंड आणि स्वीडन यांच्या आमोस या दुनळी बुरुजाने. एकाच गाडीतून निरनिराळ्या कमानींनी सोडलेले अनेक बॉम्ब एकाच क्षणी एकाच जागी पडावेत, अशी त्याची करामत.

या करामतीचे स्वीडनमध्ये काय झाले, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. स्वीडनने आमोससाठी चाळीस सीव्ही-९० जातीच्या गाड्यांचे सांगाडे बनवून घेतले आणि मग २००० च्या दशकाच्या अखेरीस खर्च झेपत नाही म्हणून आमोस सोडून दिला. चाळीस सांगाडे बुरुजावाचून वर्षानुवर्षे गोदामात उभे राहिले. २०१६ च्या डिसेंबरात अखेर निर्णय झाला तो पुष्कळशा साध्या बुरुजाचा: म्योल्नर, म्हणजे थोर या देवाचा हातोडा. नळ्या दोनच, पण त्या तोंडाकडूनच भरावयाच्या, आणि यंत्राबरोबर माणसाचे हातही वापरावयाचे. चाळीस बुरुजांचे कंत्राट सुमारे ५७ कोटी ५० लाख क्रोनांचे, म्हणजे एकास साधारण एक कोटी ४४ लाख क्रोना. त्यातही गाडीचा सांगाडा आधीच घरात होता. हा साधा बुरूज मिनिटाला सोळा बॉम्ब टाकू शकतो, असे त्याचे निर्माते सांगतात. मग दशकभर स्वीडिश सैन्याला गाडीवरील उखळी तोफेवाचून ठेवून काय साधले, याचा जबाब कोणी दिला नाही. तंत्रज्ञानाची उंच शिडी चढून, उतरून, पुन्हा खालच्या पायरीवर येण्याचा खर्च करदात्याच्या नावे पडला. कंत्राट मिळाले ते ओर्नशोल्ड्सविक येथील हेग्लुंड्स कारखान्याला. हा कारखाना स्वीडिश भूमीवर आहे, स्वीडिश कामगार तेथे राबतात. मालकी २००४ पासून ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्स या कंपनीची आहे. या कंपनीचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पोलंडची कथा निराळी आणि अधिक बोधप्रद आहे. तेथील गाडीचे नाव राक. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ नदीतील खेकड्याच्या जातीचा प्राणी आणि कर्करोगही. मराठीतील कर्क आणि कर्करोग यांच्यासारखाच हा योगायोग. फिनलंडच्या पात्रिया कंपनीच्या परवान्याखाली पोलंडमध्ये बनणाऱ्या रोसोमाक या आठचाकी गाडीवर १२० मिलिमीटरची एकनळी, आपोआप भरली जाणारी तोफ बसवून ती तयार होते. बनविणारा कारखाना हुता स्टालोवा वोला. महायुद्धापूर्वी, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अर्थमंत्री क्वियात्कोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली पोलिश राज्यसंस्थेने जो केंद्रीय औद्योगिक प्रदेश उभारला, त्यात जंगल तोडून हा कारखाना आणि त्याच्याबरोबर त्याच नावाचे गाव वसविले गेले. खाजगी भांडवल जेथे जाण्यास राजी नव्हते तेथे सरकारने उद्योग नेला, याचे हे ठळक उदाहरण. १९८८ च्या ऑगस्टमध्ये याच कारखान्यातील कामगारांनी सॉलिडॅरिटीच्या मान्यतेसाठी संप केला, आणि सत्ताधाऱ्यांना वाटाघाटीच्या टेबलापाशी आणणाऱ्या घटनांत त्या संपाची गणना होते. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगारांना संघटनेसाठी संप करावा लागला, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

त्या विजयानंतर काय झाले? २०१२ साली या कारखान्याचा बुलडोझर आणि लोडर बनविणारा विभाग लियुगाँग या चिनी कंपनीस विकण्यात आला. तोफा बनविणारा विभाग राज्याकडे राहिला. नांगर विकला आणि तलवार ठेवली, असा हा व्यवहार. २०१६ च्या एप्रिलमध्ये पोलिश सरकारने या कारखान्याशी ६४ राक आणि ३२ निर्देशन-गाड्यांचा करार केला. किंमत सुमारे ९७ कोटी झ्लॉटी. निर्देशन-गाड्यांसह हिशेब केला तर एका तोफेमागे सुमारे दीड कोटी झ्लॉटी, त्या वेळच्या दराने अंदाजे पंचवीस कोटी रुपये. २०१७ पासून गाड्या वेळेवर येऊ लागल्या. अडचण एकच झाली: गाड्या आल्या, पण खास त्यांच्यासाठी बनविलेला युद्धोपयोगी गोळा मागाहून आला. तोपर्यंत जुन्या धाटणीच्या दारूगोळ्यावर भागवावे लागले, आणि नव्या तोफेचा लांब पल्ला कागदावर राहिला.

हा अपघात नव्हता. सर्वत्र असेच घडते. गाडी संचलनात दिसते. तिच्यापुढे मंत्री उभे राहून छायाचित्र काढून घेऊ शकतात. दारूगोळा गोदामात पडून राहतो, त्याची मुदत संपते, आणि वापरला गेला नाही तर तो व्यर्थ गेला असे लेखापरीक्षकास वाटते.

पण राकच्याच आकड्यांवरून जरा गणित करून पाहावे. गाडीत ४६ बॉम्ब मावतात. त्यांपैकी २० लगेच सुटण्यास सज्ज असलेल्या फिरत्या कोठारात. कमाल वेग मिनिटाला बारा. म्हणजे सज्ज कोठार दोन मिनिटांच्या आत रिकामे, आणि मध्येच भरणीचा वेळ गेला नाही असे धरले तर अख्खी गाडी चार मिनिटांत रिकामी. एका पथकात आठ तोफा असतात. आठ गाड्यांचे मिळून ३६८ बॉम्ब. एक बॉम्ब सुमारे सोळा किलोंचा धरला तर जवळजवळ सहा टन पोलाद आणि स्फोटक चार मिनिटांत संपते. त्यानंतर ती पंचवीस कोटींची गाडी केवळ एक जड मोटार उरते. भांडवल जितके अधिक सघन, तितकी कच्च्या मालाची भूक मोठी, हा कारखान्याचा नियम येथेही लागू आहे. तोफेपाशी लागणारी माणसे यंत्राने कमी केली. पण गोळा ओतणारी, कातणारी, त्यात वितळलेले स्फोटक भरणारी आणि तो वाहून नेणारी माणसे त्याच प्रमाणात वाढवावी लागतात. ती माणसे आघाडीपासून शेकडो मैल दूर असल्याने संरक्षणतज्ज्ञांच्या लेखांत त्यांचा उल्लेख येत नाही.

आणि गोळा जेथे पडतो तेथील माणसांचाही येत नाही. १९९४ च्या ५ फेब्रुवारीस सारायेव्होच्या मार्काले बाजारात १२० मिलिमीटरचा एक उखळी बॉम्ब पडला. एकच. ६८ माणसे मेली. शनिवारची दुपार होती, लोक वेढलेल्या शहरात मिळेल ते विकत घेण्यासाठी जमले होते. तो सर्ब सैन्याच्या बाजूने आला, असा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पुढे दिला. वरच्या गणितातील ३६८ हा आकडा वाचताना हा एक आकडाही शेजारी लिहून ठेवावा. उंच कमानीने पडणारा गोळा भिंतीआड, अंगणात, बाजाराच्या छपरावर पडतो. म्हणूनच शहरांच्या वेढ्यात या तोफेला मागणी असते. २०२२ साली मारिउपोलच्या वेढ्यात रशियाने २४० मिलिमीटरची, सोव्हिएत काळातील स्वयंचलित उखळी तोफ वापरली. नाव ट्युलिपच्या फुलाचे.

युक्रेनच्या युद्धाने या आयुधाविषयी दोन गोष्टी उघड केल्या. पहिली ड्रोनची. काही शे डॉलरचे, कारागिराच्या टेबलावर जोडलेले उडते यंत्र कोट्यवधींची चिलखती गाडी निकामी करू शकते. त्यामुळे थांबून मारा करण्याची आणि निघून जाण्याची जी उसंत या गाडीच्या कल्पनेत गृहीत धरली होती, तीच आकुंचित झाली. यावरून गाडीवरील तोफ निरुपयोगी ठरली असे कोणी म्हणेल तर ते उतावळेपणाचे होईल. उघड्यावर उभ्या असलेल्या तोफचालकाचे हाल याहून वाईट झाले. पण बुरुजात आणखी एक यंत्र, आणखी एक संगणक घालून सुरक्षितता विकत घेता येते, हा विक्रेत्यांचा दावा मात्र त्या युद्धात टिकला नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. २०२३ च्या मार्चमध्ये युरोपीय संघाने एका वर्षात युक्रेनला दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपेपर्यंत जेमतेम निम्मे देता आले. जगातील सर्वांत संपन्न राष्ट्रसमूहाला पैसा कमी पडला नव्हता. कारखाने कमी पडले, स्फोटक कमी पडले. मोठ्या प्रमाणावर टीएनटी बनविणारा कारखाना संघात उरला होता तो पोलंडमधील बिडगोश्च येथील नायट्रो-केम, आणि तोही सरकारी मालकीचा. बाकीच्यांनी आपापले कारखाने शांततेच्या काळात तोट्याचे म्हणून बंद केले होते.

ब्रिटनचे उदाहरण तर आपल्या देशाने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. तेथील सरकारी रॉयल ऑर्डनन्स कारखाने थॅचरबाईंच्या सरकारने आधी कंपनीत रूपांतरित केले आणि १९८७ साली सुमारे १९ कोटी पौंडांना ब्रिटिश एरोस्पेस या कंपनीस विकून टाकले. हीच कंपनी पुढे बीएई सिस्टिम्स झाली. बिशपटन येथील प्रोपेलंटचा कारखाना बंद झाला. ब्रिजवॉटर येथील स्फोटकांचा कारखाना २००८ साली बंद झाला. नफ्याच्या हिशेबाने यात काही चुकले नाही. दारूगोळ्याच्या कारखान्याचा धर्मच असा की शांततेत त्याची बरीचशी क्षमता रिकामी राहावी. गावात वर्षभर आग लागली नाही म्हणून बंब मोडीत काढणाऱ्या नगरपालिकेला कोणी काटकसरी म्हणणार नाही. पण कंपनीच्या ताळेबंदात रिकामी क्षमता म्हणजे तोटा, आणि तोटा म्हणजे टाळे. आता २०२५ च्या संरक्षण-आढाव्यात ब्रिटिश सरकार किमान सहा नवे दारूगोळा आणि स्फोटकांचे कारखाने उभारण्याची आणि त्यासाठी दीड अब्ज पौंड खर्चण्याची भाषा करीत आहे. जे १९ कोटींना विकले ते आता कितीतरी पटींनी परत घेणे आले. उखळ पांढरे झाले ते कोणाचे, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

भारताने नेमका याच वाटेवर पाऊल टाकले आहे. आपल्याकडे गाडीवरील उखळी तोफ आहे ती साध्या वाटेची: मेडक येथील आयुध कारखान्यात बनणाऱ्या बीएमपी-२ गाडीच्या सांगाड्यावर, उघडणाऱ्या छताखाली बसविलेली ८१ मिलिमीटरची तोफ. पल्ला सुमारे पाच किलोमीटर, गाडीत १०८ बॉम्ब. बंद बुरुजाच्या विलायती गाड्यांपुढे ती मागासलेली दिसते, आणि तशी ती दाखविणारे पुष्कळ विक्रेते आहेत. पण २०१७ च्या जुलैमध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखविलेले दुखणे बुरुजाचे नव्हतेच. सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता, असे त्यात नमूद आहे. त्या अहवालाने आयुध कारखान्यांच्या कामगिरीवरही ठपका ठेवला होता आणि तो सर्वस्वी अन्याय्य होता असे म्हणता येणार नाही. गुणवत्तेच्या तक्रारी खऱ्या होत्या. व्यवस्थापन सुस्त होते. कामगार संघटनांनीही या प्रश्नावर जितके बोलावयास हवे होते तितके बोलल्या नाहीत.

सरकारने त्यावर योजलेला इलाज असा: १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटण्यात आले. कर्मचारी सुमारे सत्तर हजार. त्यांनी संपाचा इशारा देताच ३० जून २०२१ रोजी वटहुकूम निघाला आणि पाठोपाठ अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा होऊन संप बेकायदा ठरविण्यात आला. कायदा एका वर्षाच्या मुदतीचा होता. तेवढ्यात काम भागले. सातांपैकी दोन कंपन्यांची मुख्यालये महाराष्ट्रात आहेत: दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यास, यंत्र इंडिया नागपुरास. म्युनिशन्स इंडियाच्या बारा कारखान्यांपैकी सहा, म्हणजे खडकीचे दोन, देहू रोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा, याच राज्यातले. कंपन्या आज सरकारच्याच मालकीच्या आहेत, ही गोष्ट खरी. रॉयल ऑर्डनन्सही कंपनी झाल्यावर दोन वर्षे सरकारच्याच मालकीची होती.

२०२५ च्या २४ जानेवारीस भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्याआधी, १७ डिसेंबर २०२३ रोजी, नागपूरजवळ बाजारगाव येथील एका खाजगी स्फोटक कारखान्यात नऊजण गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. मालकी सरकारी असो की खाजगी, स्फोटक सारखेच जळते. तेव्हा केवळ सार्वजनिक क्षेत्राचा जप करून भागणार नाही. त्या क्षेत्रात कायम कामगार किती, कंत्राटी किती, जुन्या इमारतींत एका खोलीत एका वेळी किती माणसे आणि किती किलो स्फोटक, हे विचारावे लागेल. भंडारा, भद्रावती, वरणगाव, देहू रोड येथील कार्यकर्त्यांना हे प्रश्न दिल्लीतल्या तज्ज्ञांपेक्षा अधिक अचूक विचारता येतील, कारण मेलेल्यांची घरे त्यांना ठाऊक आहेत.

संरक्षण खात्याच्या अनुदानाच्या मागण्या दरवर्षी संसदेच्या स्थायी समितीपुढे येतात. नव्या चिलखती गाडीचा प्रस्ताव त्यांत असेल तेव्हा तिच्या नळीचा व्यास आणि बुरुजाची करामत यांचे वर्णन पानेच्या पाने असणार. तिला लागणारा गोळा किती, तो कोणत्या कारखान्यात, कोणाच्या मालकीच्या जागेत, किती कायम हातांनी भरला जाईल आणि युद्ध नसताना त्या हातांना पगार कोण देईल, हा रकाना प्रस्तावात आहे की नाही, एवढे पाहून प्रतिनिधींनी मत द्यावे.